व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईबाबांची एक समजूत पक्की असते: पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा आहे, म्हणजे हवं तितकं राहता येईल. तसं नाही. व्हिसा तुम्हाला दारापर्यंत नेतो. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नोंदीत जाते. पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिने. पोहोचल्यावर मुलीकडून ही नोंद ऑनलाइन काढून घ्यावी आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं ठेवावं. मुदतवाढ हवी तर आय-५३९ हा अर्ज मुदत संपण्याआधी जायला हवा. एक दिवस जरी जास्त झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून निघालात तर ३ वर्षं, वर्ष उलटून गेलं तर १० वर्षं प्रवेशबंदी.

युरोपात शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, हिशेब वेगळा: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळे देश मिळून. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. १ मार्चला पोहोचून सलग राहिलात तर २९ मे शेवटचा. मध्ये पंधरा दिवस घरी येऊन गेलं की मोजणी नव्यानं सुरू होते, हा गैरसमज फार महागात पडतो. १ मार्चपासून ९० दिवस सलग संपवले असतील तर पुन्हा पाय ठेवता येतो तो २८ ऑगस्टपासून, आणि तोही व्हिसा तोवर चालू असेल तरच.

कॅनडाची सुपर व्हिसा सोय मात्र खरंच आईवडील आणि आजी-आजोबांसाठी आहे: एका खेपेत ५ वर्षांपर्यंत. त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो.

आता मुलांकडे. ग्रीन कार्ड मिळालं तरी माणूस भारतीयच राहतो. परदेशी नागरिकत्व स्वतःहून घेतलं की मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. जुना पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घ्यायचा, मग ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) अर्ज. ओसीआयला आपल्याकडे सर्रास ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. नावातच सिटिझन आहे, त्यामुळे लोकांना तरी काय दोष द्यायचा! प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही.

खरी गोची शेतीत होते. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, म्हणून ओसीआयवाला मुलगाही गावाकडे दोन एकर बघू लागतो. पण त्याला अडवतो तो परकीय चलनाचा केंद्रीय कायदा, फेमा: शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. फ्लॅट किंवा घर चालतं. वडिलांनी हयातीत शेताचं बक्षीसपत्र करून दिलं तरी चालत नाही. वारशानं आली तर चालते. म्हणून अशा घरात बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावं. पुढे ती जमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. अमेरिकेतल्या चुलतभावाला नाही, मग त्याचा पासपोर्ट भारताचा का असेना.