‘मॅडम, तुमचा पेशंट आहे’

रात्री अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फोन आला. "मॅडम, तुमचा पेशंट आहे. जुना स्किझोफ्रेनिया, रिलॅप्स वाटतोय. पोटात कुणीतरी सिमेंट ओतलंय म्हणून ओरडतोय. इंजेक्शन देऊन वर पाठवू का?"

"पोट बघितलंत का?" मी विचारलं.

"नाही मॅडम. सायकचा पेशंट आहे ना."

जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात काम करताना हे उत्तर मी वेगवेगळ्या आवाजांत ऐकत आले आहे. इंजेक्शन देऊ नका असं सांगून मी खाली गेले.

सगळ्या स्ट्रेचरपासून लांब, कोपऱ्यात त्याला ठेवलं होतं. शेजारी सिक्युरिटी गार्ड उभा. तो कुणाच्या अंगावर जात नव्हता, गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. केसपेपरवर नाडी १२८ आणि तिच्यापुढे ‘अँग्झायटी’. ब्लडप्रेशरचा रकाना कोरा. खाली ‘सोमॅटिक डिल्यूजन’, म्हणजे शरीराविषयीचा भ्रम, असं निदानही लिहून झालं होतं.

मी शर्ट वर केला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, आतड्यांची हालचाल ऐकूच येईना. पोट साफ कधी झालं होतं, असं विचारल्यावर त्याच्या बहिणीला रडू फुटलं. "सहा दिवस झाले, डॉक्टर. संध्याकाळपासून उलट्याही होतायत. मी हेच सांगतेय आल्यापासून. हे मला विचारतात, दादा एकटाच बोलतो का, संशय घेतो का."

तो क्लोझापिनवर होता. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. त्याच्यामुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्ण दगावल्यानंतर हे लक्षात आलं, म्हणून आजही त्यासाठी नियमित रक्ततपासणी करतात. पण हेच औषध आतडी सुस्त करतं, आणि साधी वाटणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. शिवाय या आजारात दुखणं अनेकदा कमी बोलून दाखवलं जातं. असा माणूस जेव्हा ओरडतो, तेव्हा खरं तर इतरांपेक्षा जास्त घाबरायला हवं.

सर्जरीच्या डॉक्टरांना फोन लावला, तर म्हणाले, "आधी शांत करा त्याला, सकाळी बघतो." कॅज्युअल्टीने त्यांना कळवताना सुरुवातच आजारापासून केली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं : ३४ वर्षांचा पुरुष, सहा दिवस शौचास नाही, उलट्या, पोट फुगलेलं, आतड्यांचे आवाज नाहीत, नाडी १२८. ते लगेच खाली आले. पोटावर हात ठेवल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. क्लोझापिनचं मी त्यांना तिथे समोरासमोर सांगितलं. माणसाला हात लागावा म्हणून त्याचा आजार वाक्याच्या शेवटी न्यावा लागतो, याचा मला अजूनही संताप येतो.

सीटी स्कॅनमध्ये मोठं आतडं प्रचंड फुगलेलं दिसलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. आतड्याचा एक भाग काळा पडला होता, तो काढावा लागला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर बहुधा आतडं फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सर्जरी वॉर्डात गेले, तर त्याचे दोन्ही हात गॉझच्या पट्टीने कॉटला बांधलेले. त्याने कुणाला मारलं होतं का? नळी ओढली होती का? "नाही, खबरदारी म्हणून," सिस्टर म्हणाल्या. मी पट्ट्या सोडल्या. मनगटांवर वळ उठले होते. हात मोकळे होताच त्याने पहिल्यांदा चष्मा मागितला. शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक मात्र ‘यांना दुसरीकडे हलवा’ म्हणून अडून बसले होते, आणि पोटात ड्रेनची नळी असतानाच केसपेपरवर ‘सायकियाट्रीला शिफ्ट करावे’ असा शेरा पडला होता. मी त्याखाली लिहिलं : शस्त्रक्रियेचा रुग्ण आहे, इथेच राहील, आम्ही रोज येऊन बघू. तसं बघितलंही.

मानसिक आजाराचं नाव लागलं की शरीराच्या तक्रारी त्याखाली गाडल्या जातात, याला डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस यांनी १९८२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बाबतीत ते दाखवून दिलं होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, संसर्ग अशा शरीराच्याच आजारांनी होतात. याला औषधांचे दुष्परिणाम, धूम्रपान, गरिबी अशी बरीच कारणं आहेत. पण तपासायचंच राहून जाणं हेही त्यातलं एक आहे, आणि ते सर्वस्वी आम्हा डॉक्टर-नर्स मंडळींच्या हातात आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं कलम २५ आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई करतं. कोपऱ्यातल्या त्या स्ट्रेचरपर्यंत ते पोहोचलेलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी बहीण हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी दादाचा आजार सांगायचा की लपवायचा?"

तिचा प्रश्न बिनतोड होता. सांगितलं तर कुणी हात लावत नाही. लपवलं तर क्लोझापिन आहे हे कळणार नाही, आणि दुखण्याचं मूळच तिथे होतं. मी म्हटलं, सांगायचंच, पण आधी दुखणं सांगायचं. आम्ही मिळून एक कार्ड केलं. वर औषध, डोस आणि ‘पोट दुखल्यास, फुगल्यास, शौच न झाल्यास तातडीने पोट तपासावे’ ही सूचना. आजाराचं नाव शेवटच्या ओळीत. त्याने स्वतः अक्षर लावून ते लिहिलं. हिशेब लिहिण्याचं काम करतो, अक्षर सुरेख आहे. रजेच्या सर्टिफिकेटवर फक्त ऑपरेशनचा उल्लेख करा, असंही त्याने बजावलं. ऑफिसात कुणाला माहीत नाही.

काही महिन्यांनी मी त्याला इंटर्न्सशी बोलायला बोलावलं. मानसिक आजाराच्या कलंकाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये म्हटलं होतं की आजार भोगलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट हा पूर्वग्रह कमी करण्याचा सगळ्यात परिणामकारक मार्ग आहे; माझाही अनुभव तोच आहे. एकाने विचारलं, "पण तुम्ही सिमेंट का म्हणालात?" तो म्हणाला, "मला तसंच वाटत होतं. आधी जड वाटायला लागलं, मग घट्ट होत गेलं. ते कुणी ओतलं हे मी चुकीचं सांगितलं असेल. कुठे आहे ते बरोबर सांगितलं होतं."

पुढच्या बॅचसाठीही यायला तो तयार आहे. फक्त महिनाअखेर नको म्हणतो, तेव्हा पगाराचे हिशेब असतात.