तुम्ही विचारलंत म्हणून: एका घरात असतो तर?

मी आणि माझा नवरा एकाच नाटकात काम करतो, पण राहतो वेगवेगळ्या घरांत. वाशीच्या एका प्रयोगात त्याचं आजारपण उघड झालं, तेव्हापासून हा प्रश्न मला चुकलेला नाही. कुणी काळजीनं विचारतं, कुणी आडून: ‘एका घरात राहत असता, तर त्याचं तुला आधी कळलं नसतं का?’ नातेवाइकांनी विचारलं, निर्मात्यानं विचारलं, गडकरी रंगायतनला प्रयोगानंतर भेटायला आलेल्या एका अनोळखी बाईंनीसुद्धा विचारलं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

मी ठाण्यात नौपाड्याला आईजवळ राहते, तो नेरूळला. दोन घरं ठेवायची हे रजिस्टरवर सही करण्याआधीच ठरलं होतं. कायद्याचा धाक घालणाऱ्यांना एवढंच सांगते, की दोघांच्या राजीखुशीनं वेगळं राहायला विशेष विवाह कायदा आड येत नाही. एकानं सबळ कारण नसताना दुसऱ्याला सोडलं, तर कोर्टात जाता येतं. आमच्यात कुणी कुणाला सोडलेलं नाही.

त्या रविवारी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात तो कामावरून येतो, मी त्याच्या हातातला डबा घेते, तो म्हणतो, ‘आज मला बोलायचं नाहीये,’ आणि तिथून आमचं भांडण पेटतं. मी डब्याला हात घातला. त्यानं तो सोडलाच नाही. बोटं गार, तळवा घामानं ओला, आणि कडीवरची पकड अशी की मला ओढता येईना. प्रेक्षकांकडे पाठ करून तो पुटपुटला, ‘पुढचं काहीच नाहीये गं.’

वाक्य विसरणं आमच्या धंद्यात नवीन नाही. एक शब्द पुरवला की नट सावरतो. मी पुरवला. पुन्हा पुरवला. त्याची नजर माझ्यावर होती, पण तिथे ओळख नव्हती. मग मी त्याचं वाक्य उचललं. ‘बोलायचं नाही ना तुम्हाला? ठीक आहे, मग मीच सांगते तुमच्या मनात काय आहे ते.’ त्याचे सगळे आरोप मीच माझ्यावर केले, उत्तरंही मीच दिली. दंडाला धरून त्याला खुर्चीत बसवलं. डबा त्याच्या मांडीवरच राहिला. विंगेतून बॅकस्टेजचा मुलगा पडदा पाडू का म्हणून खुणा करत होता, मी नाही म्हणून मान हलवली. का हलवली, हे मला कुणी विचारत नाही. पडदा पाडला असता, तर तो थोडा आधी तिथून सुटला असता. पण मग ‘स्टेजवर कोसळलेला नट’ ही त्याची ओळख झाली असती, आणि ती त्याला सोसली नसती. मला अजून तसंच वाटतं. बहुतेक.

अंक संपला तेव्हा टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

रंगपटात मेकअपही न उतरवता तो बोलायला लागला. कित्येक महिने झोप नव्हती. मी बुधवारी जायचे, म्हणून मंगळवारी रात्री तो घर आवरायचा, भांडी घासायचा, चादर बदलायचा, दाढी करायचा. बाकी दिवस अंथरुणात. उठायचा तो प्रयोगापुरता.

म्हणजे तुमचंच बरोबर? एक घर असतं, तर त्याला आवरायला मंगळवार मिळाला नसता. हे मला खोडता येत नाही. पण मग हेही ऐका. दर आठवड्याला दोन-अडीच तास मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी असायचे, लख्ख उजेडात. त्याचा श्वास कुठल्या वाक्यावर तुटतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तिथे नाही कळलं. पुढे नैराश्यावरची औषधं सुरू झाली. असल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर मी नेरूळलाच राहिले. एका घरात. तो बाथरूममध्ये नळ सोडून रडायचा आणि बाहेर येऊन ‘चहा टाकू का?’ म्हणायचा. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. भिंतीपलीकडे त्यांना ऐकू येत होतं.

तो बोलला का नाही, हे विचारा ना! ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टाही तितकीच मुरलेली. बायको ठाण्याची, त्यामुळे दौऱ्याच्या बसमध्ये ‘निघालास का ठाण्याला?’ म्हटलं की हशा. तोही हसायचा. शिवाय प्रयोग नाही तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, नाही, आणि एकदा रिप्लेसमेंट उभी राहिली की भूमिका परत मिळेलच असं नाही. डॉक्टरकडे जाताना त्याच्या आड हे आलं. ठाणे-नेरूळ लोकल नाही आली.

लग्नाच्या वेळी मी ठणकावून सांगायचे, की दोन घरांत राहून आम्ही एकमेकांना जास्त ओळखतो. त्या मुलीशी आज माझं पटत नाही. एका छपराखाली सगळं कळतं म्हणणाऱ्यांशीही पटत नाही.

तो पुन्हा उभा राहिलाय. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणून दिग्दर्शकानं दुसऱ्या अंकात टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायला परवानगी दिली. आई म्हणते, त्याला इकडेच आण. तो नाही म्हणतो. मी बुधवारची वाट न बघता, न कळवता जाते. ‘तपासायला आलीस?’ म्हणून तो चिडतो. मी ‘हो’ म्हणते. त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.