तुम्ही विचारलंत म्हणून : एकटीचं तिकीट

‘एकट्याच जाता गाण्याला? कंटाळा नाही येत?’ ऑफिसात विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, आणि वहिनी तर पानात आमटी वाढता वाढता विचारते. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, गोरेगावला राहणारी आणि फोर्टात नोकरी करणारी बाई. ऑफिस सुटलं की नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवात, डिसेंबरात जमेल तसं पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला, असं माझं चालू असतं. बहुतेक वेळा एकटीनेच. ‘हो, जाते’ एवढं उत्तर लिफ्टमध्ये पुरतं. आज जरा ऐसपैस सांगते.

कंटाळा येतो तो कुणाला बरोबर नेलं की. म्हणजे येतो त्याला, आणि त्रास मला. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू होऊन दहा मिनिटं झालेली, गायक अजून खालच्या मंद्र सप्तकात षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या आसपास घुटमळतोय, आणि शेजारची मैत्रीण पर्समध्ये काहीतरी शोधू लागते. झालं! हिला आवडतंय ना, हिला एसी बाधतोय का, हिची गाडी चुकणार तर नाही, यातच माझा एक कान अडकतो. नाटकाला सोबत हवी, सुटल्यावर भांडायला. गाण्याला मला ती नको वाटते. तिथे दोन तास कुणी कुणाशी बोलायचंच नसतं, मग सोबत हवी कशाला?

शिवाय तिकिटाचा हिशेब आहेच. जोडप्यांना दोन, कुटुंबांना चार सलग खुर्च्या लागतात. त्यामुळे चांगल्या ओळीतही मधेच एखादी सुटी खुर्ची उरते. ती माझी. अगदी हाऊसफुल्लचा बोर्ड लागला तरी दारात थांबावं, कुणाच्या तरी नवऱ्याला ऐनवेळी मीटिंग निघालेली असते. एनसीपीएच्या टाटा थिएटरमध्ये 1010 खुर्च्या आहेत. 1980 साली ते उघडलं. फिलिप जॉन्सन यांनी वास्तू आखली, ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी सांभाळली, आणि माइक न लावता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं असा सगळा घाट घातला. तरीही पुष्कळ कलाकार माइक मागतातच. तो वाद पुन्हा कधीतरी.

खरी परीक्षा मध्यंतराची. दिवे लागतात, घोळके बाहेर पडतात, कॉफीचे कप हातात घेऊन ‘काय गायला!’ सुरू होतं आणि एकट्या माणसाला हातांचं काय करावं ते कळत नाही. सुरुवातीला मीही बाहेर जाऊन फोनमध्ये डोकं घालून उभी राहायचे. आता मी जागची हलत नाही. कारण बघण्यासारखं तेव्हाच असतं. मागे बसलेली शिष्यमंडळी तानपुरे पुन्हा लावायला घेतात. दिव्यांच्या उष्णतेने नि एसीच्या गारव्याने तारा सुरातून हललेल्या असतात. आधी खुंट्या पिळायच्या, मग खालचे मणी केसभर सरकवायचे, आणि शेवटी घोडीवर तारेखाली असलेला तो बारीकसा सुती दोरा बोटाच्या टोकाने मागेपुढे करायचा. तो नेमक्या जागी आला की इतका वेळ टणटण वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. जवारी खुलली म्हणतात ती अशी. तिकडे तबलजी हातोडीने गट्ट्यांवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांत अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर, मग पुडीच्या काठावरच्या गजऱ्यावर ठोकत असतो. एका घरावर ठोकतो, समोरच्या घराची थाप ऐकतो.

यातच माझा एक खेळही आहे. तानपुऱ्याची पहिली तार बहुतेक रागांत पंचमाला, म्हणजे ‘प’ला लावतात. मध्यंतरानंतर ती उतरून मध्यमावर, म्हणजे ‘म’वर आली की मी मनात मालकंस धरते, नाहीतर बागेश्री. निषादाला, म्हणजे ‘नि’ला लावली तर पूरिया किंवा मारवा, पण ते संध्याकाळचे, म्हणजे कार्यक्रम लवकर सुरू झालेला हवा. कलाकाराने रागाचं नाव सांगायच्या आत बरोबर आलं तर स्वतःलाच शाबासकी. चुकते पुष्कळदा. कॉफीला गेलेल्यांना यातलं काहीच मिळत नाही. ते परततात तेव्हा सगळे सूर जुळलेले असतात, आणि ‘अजून सुरू नाही केलं वाटतं’ म्हणत बसतात.

‘पण एखादी जागा आवडली तर सांगायचं कुणाला?’ हाही प्रश्न असतोच, आणि तो रास्त आहे. दाद एकट्याने देणं अवघडच. एकदा पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात माझ्या शेजारी एक आजोबा होते. झब्बा, चष्म्याला दोरी. विलंबित एकताल चालू होता, बारा मात्रांचं एक आवर्तन संपायला जवळजवळ मिनिटभर लागत होतं. आजोबा मांडीवर बोटांच्या पेरांनी मात्रा मोजत होते. गायिका तान घेऊन कुठल्या कुठे गेली, मला वाटलं आता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकणार, आजोबांचंही बोट हवेतच थबकलं, आणि ती मुखडा घेऊन अशी अलगद समेवर आली की आम्ही दोघांनी एकाच क्षणी ‘क्या बात है’ म्हटलं आणि एकमेकांकडे पाहिलं. नाव-गाव काही विचारलं नाही. सुटल्यावर ते ‘येतो हं’ म्हणाले, मी ‘हो’ म्हटलं. इतकी सोबत मला पुरते.

सगळीकडे असं गोड नसतं, हेही सांगायला हवं. बँड, जॅझ वगैरे ऐकायला क्लबात जाल तर एकट्या माणसाची तिथे पंचाईत होते. एका ठिकाणी मला मॅनेजरने नम्रपणे सांगितलं, ‘मॅडम, टेबल दोघांपासून पुढे.’ कोपऱ्यातला एक उंच स्टूल मिळाला, खांबाआड. ड्रमवाल्याचा फक्त डावा हात दिसत होता. आणि पुरुषांचं तर याहून वाईट. एकटा पुरुष म्हणजे स्टॅग, त्याला कुठे जास्त पैसे, कुठे सरळ नकार. दारू प्यायला आलेल्या चौघांना टेबल आणि गाणं ऐकायला आलेल्या एकाला खांब, हा कुठला न्याय? हॉलमधल्या मैफलीत हा भेद नाही, म्हणून मला हॉल आवडतो.

घरी परतायची काळजी वहिनीला माझ्यापेक्षा जास्त. कार्यक्रम साधारण दहाच्या सुमारास संपतात. नरिमन पॉइंटहून चर्चगेटपर्यंत रमतगमत चालत जाते, रस्त्याला माणसं असतात. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो. गोरेगावला उतरून रिक्षा. धास्ती वाटलीच तर ती स्टेशनपासून घरापर्यंतच्या त्या टप्प्यात. त्याला गाण्याचा काही इलाज नाही. ऑफिसात उशीर झाला तरी तोच टप्पा असतो, आणि तेव्हा मात्र ‘एकटीच आलीस?’ असं कुणी विचारत नाही.

एकटं असण्याचा खरा फायदा मला पहाटे कळला. संध्याकाळी सुरू होऊन रात्री दहाला संपणाऱ्या कार्यक्रमांत सकाळचे राग येणार कुठून? ललित, भटियार, तोडी आपण रेकॉर्डिंगवरच ऐकत राहतो. पंचम निषाद या संस्थेच्या ‘प्रातःस्वर’ मैफली प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीत व्हायच्या, रविवारी उजाडता उजाडता. रविवारी पाचला उठून प्रभादेवी गाठायला घरात तयार कोण होणार? ज्यांना घरात कुणाला उठवायचं नसतं, डबा करायचा नसतो, ‘येतोस का’ म्हणून तीनदा विचारायचं नसतं, ते वेळेवर पोचतात. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ लागतात, आणि ते उजाडताना ऐकणं नि दुपारी हेडफोन लावून ऐकणं यात फार फरक आहे.

आता सवाईबद्दल, कारण ‘तिथे तरी ग्रुप लागतोच’ असं पुष्कळांना वाटतं. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. लाउडस्पीकरला उघड्यावर रात्री दहानंतर बंदी आल्यापासून दहाला आवरावं लागतं, एखाद्या दिवशी परवानगी मिळाली तर बारा. 2018 पासून तो रमणबाग शाळेच्या मैदानावरून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. पुणेकर अजूनही रमणबागेचे उसासे टाकतात, तो त्यांचा हक्कच आहे. खुर्चीचं तिकीट काढू नका, भारतीय बैठकीत बसा. सतरंजी पसरून बसलात की पाच मिनिटांत शेजारच्या काकू ‘जरा पिशवीकडे बघाल का हो?’ म्हणून उठतात. परतल्यावर डब्याचं झाकण उघडतं, चकली पुढे येते आणि ‘तुम्ही कुणाच्या?’ अशी चौकशी सुरू होते. गाणं सुरू झालं की त्याच काकू कुजबुजणाऱ्याला असं काही डोळे वटारून बघतात की अख्खी रांग गप्प. एकटेपणा शोधायचा असेल तर सवाईला जाऊ नये.

हे सगळं ऐकून झाल्यावर विचारणारी शेवटी म्हणतेच, ‘मग पुढच्या वेळी मलाही न्या ना.’ जरूर या. तिकीट आपापलं काढू, खुर्ची जिला जिथे मिळेल तिथे. सुटल्यावर दारात भेटू आणि चर्चगेटपर्यंत चालत जाऊ. काय आवडलं, काय नाही, ते तेव्हा बोला.