कुक नाही म्हणून किचन बंद

मंगळवार-बुधवार आमच्या रोडहाऊसच्या, म्हणजे हायवेवरच्या जेवणा-राहण्याच्या हॉटेलच्या, दारावर एक कागद चिकटवलेला असतो. माणसं कमी आहेत, आज किचन बंद, समजून घ्या. पहिल्या दिवशी मी तो दोनदा वाचला. आपल्याकडे हॉटेल उधारीपायी बंद पडतं, भाऊबंदकीपायी पडतं, पण माणूस मिळत नाही म्हणून? नागपूरच्या बर्डीवर एक पोरगा काम सोडून गेला की संध्याकाळी बालाघाटचा नाहीतर शिवनीचा दुसरा हजर असतो.

मी सध्या ऑस्ट्रेलियात आहे, कॅथरीन गावाच्या पुढे, स्टुअर्ट हायवेवर. या अख्ख्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात माणसं अडीच लाखाच्या आसपास, आपलं नागपूर शहरच २०११च्या जनगणनेत २४ लाख होतं. मे ते सप्टेंबर टुरिस्ट येतात, पाऊस लागला की सगळं ओस, मग पाच महिन्यांच्या कामासाठी इथे घर करून राहणार कोण, आणि भाड्याने घरं तरी कुठे आहेत. म्हणून सगळं आमच्यासारख्या, फिरता फिरता काम करू देणाऱ्या वर्षभराच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसावाल्यांवर चालतं. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि पाठीवर बॅग टाकून फिरणारे बॅकपॅकर येणंच थांबलं, तेव्हा तर टंचाईच झाली. इतक्या दूरच्या भागातलं हॉटेलचं कामही दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी धरतात.

काकू दर फोनला विचारून राहिली, एम.कॉम. करून चादरी बदलायला गेलीस का गं. हो काकू, बदलते. १ जुलै २०२५ पासून इथे ताशी कमीत कमी २४.९५ डॉलर द्यावेच लागतात, कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरी नसलेलं, असलं की वर २५ टक्के, रविवारी आणखी जास्त. राहण्याचे कापतात, पहिल्या डॉलरपासून १५ टक्के टॅक्स जातो, तरी शिफ्ट संपली की संपली. आणि उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यातल्या नागपूरच्या पोरीला त्याचं काय.

मला सलतं ते वेगळंच. पेंचच्या वाघांच्या जंगलाजवळच्या एका रिसॉर्टला मी दोन वर्षं फ्रंट ऑफिसला होते, तिथे किचनमध्ये एक दादा होता, सफारीवाल्यांचा नाश्ता पहाटे पाचच्या आत पॅक करायचा, रात्री शेवटचा गेस्ट जेवेपर्यंत उभा, दिवसाचे चौदा तास, ओव्हरटाइम हा शब्दच नाही, आणि पावसाळ्यात जंगलाच्या कोअरचे, म्हणजे आतल्या भागाचे, गेट बंद झाले की त्याचा पगारही बंद. इथे जो माणूस हवा आहे तो अगदी हाच. पण तो बारावी पास, आणि या व्हिसाला बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण लागतं, म्हणजे नियमाने लायक कोण तर मी, जिला इथे येऊन चादरीचे कोपरे घालायला शिकवावं लागलं. त्यात अख्ख्या भारताला वर्षाला १००० जागा, त्याही लॉटरीने. कागदावर हा व्हिसा फिरायचा आहे, नोकरीचा नाही, म्हणून शिक्षण विचारत असतील, मान्य, पण मग दुसरं वर्ष हवं तर ८८ दिवस काम का दाखवायला लावता? माझी रूममेट इंग्लंडची, ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना १ जुलै २०२४ पासून ही अटच नाही, ती उद्या बॅग भरू शकते. माझे आज ६१ झाले.

परवा दादाला त्या कागदाचा फोटो पाठवला. त्याचा लगेच व्हॉइस मेसेज, "मॅडम, कुक नाही म्हणून बंद? मग मले बोलवून घ्या ना." मी अजून उत्तर दिलेलं नाही.