तुम्ही विचारलंत म्हणून: तिसरी सुई कशाला होती?

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मी आरोग्यसेविका होते. निवृत्त झाले तरी लग्नात, एसटीत, गिरणीवर कुणी ना कुणी विचारतंच, ‘सिस्टर, तिसरा डोस बी घेतला, तरी करोना झालाच की. मग टोचलं कशाला?’

आधी माझी चूक सांगते. 2021 मध्ये मी दारोदार म्हणत होते, ‘लस घ्या, करोना होणार नाही.’ म्हणायला हवं होतं, ‘झाला तरी सहसा जिवावर बेतणार नाही.’ लोक सुईला भिऊन शेताकडं निघून जायचे, वरचे अधिकारी टोचल्याचा आकडा मागायचे, आणि सोपं वाक्य माझ्या तोंडी बसलं. त्या नोव्हेंबरात शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात डोस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असा आदेश निघाला. आपल्याकडंही तसंच होईल म्हणून आमच्या गावचे लोकही टोचून गेले. लस नेमकं काय करते हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोनच महिन्यांत ओमायक्रॉनचा, म्हणजे करोनाच्या नव्या अवताराचा, ताप घरोघर आला आणि मी खोटी ठरले.

खरं असं आहे. सुई दंडात देतात, विषाणू शिरतो नाकातून. लसीनं रक्तात तयार झालेली, विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरात कमीच पोचतात आणि काही महिन्यांत ओसरतात. शरीराला विषाणूची ओळख मात्र राहते. गोवर अंगावर उठायला दहा-बारा दिवस घेतो, तेवढ्यात लसीची ही ओळख जागी होते आणि गोवर अडतो. ओमायक्रॉन तीनेक दिवसांतच घसा धरतो, म्हणून ताप येतो. पण आजार फुप्फुसापर्यंत भिनायच्या आत शरीर सावरतं. तिसऱ्या डोसनं, म्हणजे बूस्टरनं, लागण आणि फैलाव थोडे दिवस कमी झाला, थांबला नाही. त्याचा मोठा फायदा म्हाताऱ्यांना, साखर-बीपीवाल्यांना होता. धडधाकट तरुणाला तेवढा नव्हता, हे मी आता मोकळेपणानं सांगते.

आणि ज्यांना गरज होती, त्यांच्यापर्यंत तिसरा डोस धड पोचला नाही, हे मला जास्त लागतं. 15 जुलै 2022 पासून 75 दिवस तो सगळ्या प्रौढांना फुकट होता. नेमकी सोयाबीनच्या खुरपणीची घाई. कोविशिल्ड लसीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, दहा डोस, फोडली की चार तासांत संपवायची. एकदा वस्तीवरची एक आजी काठी टेकत चिखलातून आली, पारावर बसली. दुपारपर्यंत चौघंच जमले. मी व्हायल फोडली नाही. ‘पुढच्या खेपेला या’ म्हणाले. आजी पुन्हा आली नाही. चार डोससाठी सहा वाया गेले असते तर गेले असते, असं आज वाटतं.

परवा शेजारची सून पाच वर्षांच्या लेकाची त्रिगुणी टाळायला निघाली होती. ‘बूस्टरच आहे ना, त्यानं काय होतंय?’ म्हणाली. मी तिच्याकडून लसीकरणाचं कार्ड मागून घेतलं. दीड वर्षाच्या रकान्यात माझ्याच अक्षरातली तारीख होती. ‘हाही बूस्टरच होता गं,’ म्हटलं. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, तिन्हींचं संरक्षण ओसरतं म्हणून पाचव्या वर्षी पुन्हा द्यावा लागतो, हे तिला नीट समजावलं. ताप येईल, दंड दुखेल, हेही सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. लसीकरणाच्या दिवशी तिच्यासोबत उपकेंद्रात मीही जाणार आहे.