९६ हवे होते, ८८ मिळाले

आमच्या खोऱ्यातल्या नऊ पर्जन्यमापकांचे आकडे रोज सकाळी सातला माझी एक पायथन स्क्रिप्ट गोळा करते आणि मी तो तक्ता शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. जून २०२४ मध्ये, ऐन पाऊस लागायच्या वेळी, मला स्क्रिप्टची पॅकेजं (तिला लागणारे तयार कोडचे गठ्ठे) अपग्रेड करायची हुक्की आली. आकडेमोड करणाऱ्या नमपाय या पॅकेजची २.० आवृत्ती १६ जूनला आली होती, २००६ नंतरची पहिली मोठी उडी. म्हटलं, बाकी सगळं हिच्याच जिवावर चालतं, तर आधी हीच नवी करू, हिच्यावर उभ्या असलेल्या, तक्ते सांभाळणाऱ्या पांडाजचं मागाहून बघू. १.२६.४ गेलं, २.०.० आलं. पॅकेजं बसवणाऱ्या पिपने चकार शब्द काढला नाही.

सकाळी तक्त्याऐवजी एरर. 'नमपाय डीटाइप'चं (आकडे कुठल्या प्रकारचे ते सांगणाऱ्या नमपायच्या आतल्या रचनेचं) माप बदललंय, ९६ बाइट अपेक्षित होते, ८८ मिळाले. पॅकेजं एकमेकांशी जुळतात का ते बघणारं 'पिप चेक' चालवलं तर उत्तर काय, तर कुठलीही गरज मोडलेली नाही! तेवढ्यात ग्रुपवर एकाचा मेसेज : "दादा, आज पाऊस झालाच नाय का?"

पिप खोटं बोलत नव्हतं. माझं पांडाज २.०.३, म्हणजे वर्षभर जुनं. त्याच्या कागदपत्रांत नमपाय किमान कितवं हवं ते लिहिलंय, पण कितव्याच्या पुढे नको ते लिहिलेलंच नाही. आणि पांडाजचा बराच भाग आधीच कंपाइल होऊन, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरून, येतो. तो कंपाइल झाला तेव्हा ती रचना ९६ बाइटची होती, तेच माप आत पक्कं बसलं. नव्या नमपायमध्ये ती आटून ८८ झाली. पिप बघतं ते नुसते आवृत्त्यांचे आकडे, बाइट मोजत बसत नाही.

आधी 'नमपाय दोनच्या खालचं' असं सांगून जुनं परत बसवलं आणि पावणेआठला तक्ता धाडला. मग रात्री वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) करून त्यात पांडाज २.२.२ घेतलं. नव्या नमपायशी जमणारं ते पहिलंच. चाललं. चार दिवस छान चाललं.

पाचव्या दिवशी घाटमाथ्यावरच्या मापकाचा आकडा आला नाही आणि स्क्रिप्ट पुन्हा आडवी. आकडा नसेल तिथे मी नमपायची 'आकडा नाही' ही खूण, 'एनपी डॉट एनएएन', टाकायचो, पण दोन्ही 'एन' कॅपिटल आणि मधला 'ए' लहान. २.० ने ते नाव काढून टाकलंय, आता सगळी अक्षरं लहान. चार दिवस एकही मापक चुकला नव्हता, त्यामुळे ती ओळ चाललीच नव्हती. या वेळी मात्र हाताने शोधत बसलो नाही. रफ या कोड तपासणाऱ्या साधनाला एनपीवाय२०१ हा, २.० ला न चालणाऱ्या जुन्या गोष्टी शोधणारा नियम लावून अख्खी फाइल तपासून घेतली. कॅपिटल 'आय'वालं 'इन्फ' (अनंताची खूण) सुद्धा एका कोपऱ्यात सापडलं, जे मी कधी लिहिलं ते मलाच आठवत नाही.

साडेआठला तक्ता गेला. घाटमाथ्यापुढे रिकामं घर होतं. लगेच विचारणा आली, "तिथं कोरडंच हाय व्हय?"