शायलॉकचा विळा

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातील न्यायालयाचा प्रवेश बसवला, तेव्हा शायलॉकच्या हातात द्यायला शोभेलशी सुरी गावात कुठे मिळाली नाही. धानाची कापणी नुकतीच आटोपली होती आणि विळे मात्र घरोघरी होते, म्हणून व्हेनिसच्या त्या सावकाराने ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी विळा परजला. कर्ज मुदतीत फेडले नाही तर ऋणको अँटोनिओच्या अंगचे एक पौंड मांस कापून घ्यायचे, असा त्याचा करार; ते तोलायचा तराजू किराणा दुकानातून उसना आणला होता. मी प्रॉम्प्टर होतो, म्हणजे पडद्याआड कंदिलाच्या उजेडात वही धरून उभा होतो, आणि त्यामुळे त्या रात्री नाटकापेक्षा प्रेक्षकच मला अधिक दिसले.

आमच्या भागात नाटक पाहणे कोणाला शिकवावे लागत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, भरू लागली, की वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग गावोगाव सुरू होतात, लेकी-जावई पाहुणे येतात आणि माणसे घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. खलनायकाला शिव्या घालण्याचा हक्क हा प्रेक्षक मनापासून बजावतो. शायलॉकने चपलेच्या तळव्यावर विळा घासायला सुरुवात करताच मागून एका म्हाताऱ्याने त्याला जी शिवी दिली, ती इथे लिहिण्याजोगी नाही. तळव्यावर हत्यार घासणे ही आमच्या सरांची कल्पना नव्हती. ते मूळ नाटकातच आहे. तिथे अँटोनिओचा मित्र ग्रॅशिआनो त्याला म्हणतो, की तू सुरी जोड्याच्या तळव्यावर नव्हे, आत्म्यावर परजतो आहेस. इंग्रजीत या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच असल्याने ती कोटी साधते. मराठीत ती कशी आणावी, यावर सरांनी दोन दिवस घालवले आणि शेवटी ते वाक्यच गाळून टाकले.

सरांनी आम्हांला आधी गोष्ट सांगितली होती, ती चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी १८०७ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून. कर्ज, कागद, मुदत, जप्ती हे शब्द आमच्यापैकी बहुतेकांनी घरीच ऐकलेले होते, त्यामुळे ‘बाँड’ म्हणजे काय हे समजावण्यात तासाची दोन मिनिटेही गेली नाहीत. कोणाची बांधी, म्हणजे धानाचे शेत, कोणाकडे गहाण आहे, हे वर्गातील निम्म्या मुलांना ठाऊक होते. शायलॉक आम्हांला परका वाटला नाही, आणि न्यायालयात वेषांतर करून आलेल्या पोर्शियाने ‘मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये’ असे बजावताच मंडपात जो कल्लोळ झाला, तो व्हेनिसच्या अँटोनिओसाठी नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते.

यंदा मंडईच्या निमित्ताने आम्ही वर्गमित्र पुन्हा एकत्र जमलो आणि या जुन्या प्रयोगावरून रात्रभर वाद घातला. एका मैत्रिणीच्या मते हे सारे नाटकच शेक्सपिअरच्याच ‘ज्युलियस सीझर’पुढे फिके आहे. सीझरच्या खुनात सामील असलेल्या ब्रुटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणत अँटनी त्याचा सन्मान कसा धुळीला मिळवतो, हे ज्याने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील भाषणे ऐकली आहेत त्यालाच खरे उमगते, असे तिचे म्हणणे. ते मला मान्य आहे. पण गाडी पुन्हा शायलॉकवर आली, आणि ती आणली त्या वेळी शायलॉक झालेल्या मित्राने. तो आज दहा एकर धान करतो. मूळ नाटकाचा अनुवाद त्याने अलीकडे सावकाश वाचून काढला होता आणि त्याचा प्रश्न एकच होता : “व्याज नाई मांगत न् मास मांगते, असा कोणता सावकार रायते गा?”

हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. तीन हजार डकॅट, मुदत तीन महिने आणि व्याज शून्य. शायलॉकचा राग असा, की अँटोनिओ बिनव्याजी पैसे देऊन व्हेनिसमधील व्याजाचा दर पाडतो, आणि शिवाय भर बाजारात त्याच्या अंगावर थुंकतो. पैसे मागायला आल्यावरही अँटोनिओ म्हणतो, की मी पुन्हा थुंकेन. सावकार माणसाचे मांस कापून काय करणार? त्याला जमीन हवी असते, म्हणजे माणूस जिवंत राहून तिच्यावर राबेल. पुढे भर न्यायालयात बॅसानिओ, म्हणजे ज्याच्यासाठी अँटोनिओने हे कर्ज काढले तो मित्र, दुप्पट रक्कम देऊ करतो, तीही शायलॉक नाकारतो. मित्राचे म्हणणे असे, की हा माणूस सावकारी करतच नाही, तो सूड घेतो आहे. आणि आम्ही टाळ्या दिल्या त्या चुकीच्या माणसाच्या पराभवाला.

तालुक्याला वकिली करणाऱ्या दुसऱ्या मित्राला हे पटले नाही. त्याचा आक्षेप अगदी वेगळा होता, आणि त्यावर आम्ही खूप हसलो. माणसाचे मांस कापून देण्याचा करार १८७२ च्या आपल्या करार कायद्यानुसार मुळातच बेकायदेशीर ठरून पहिल्याच तारखेला निकाली निघाला असता. आणि निवाडा सांगणारी व्यक्ती वेषांतर केलेली, सनद नसलेली, वर कर्जदाराच्या मित्राची नुकतीच लग्न झालेली बायको! असा निकाल अपिलात तासभरही टिकणार नाही, असे तो म्हणाला.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत राहिली. स्वतः शेक्सपिअरच्या वडिलांवर १५७० मध्ये बेकायदा व्याज घेतल्याबद्दल फिर्यादी झाल्या होत्या, आणि शेक्सपिअरनेही सहा पौंडांच्या येण्यासाठी स्ट्रॅटफर्डमध्ये एका ऋणकोवर दावा लावला होता. नाटक लिहिले गेले तेव्हा इंग्लंडमधून ज्यू समाजाला हाकलून तीनशे वर्षे झाली होती, आणि १५७१ च्या कायद्याने शेकडा दहापर्यंतचे व्याज चालवून घेतले जात होते. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकांना खरा सावकार शेजारच्या घरातच सापडला असता. तरी रंगमंचावर तो परक्या धर्माचा असावा, ही सोय कोणासाठी होती? शिवाय शायलॉककडे गंभीरपणे पाहायला इंग्रजी रंगभूमीनेही वेळ घेतला. १८१४ मध्ये लंडनमधील ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात एडमंड कीन या नटाने शायलॉकचा ठरलेला तांबड्या केसांचा टोप उतरवून काळ्या केसांचा, दुखावलेला शायलॉक उभा केला, तेव्हा लोक चकित झाले. आम्ही तर विळा हाती असलेली आठवी-नववीतली पोरे होतो.

पहाट होत आली तेव्हा मित्राने विचारले, की निकालानंतर शायलॉक काय बोलतो, कारण त्या रात्री आपण काहीच बोललो नव्हतो, एवढेच त्याला आठवत होते. मला ते नीट आठवत होते. मुद्दलही बुडालेले, अर्धी संपत्ती अँटोनिओच्या हाती गेलेली, धर्म बदलण्याची सक्ती झालेली, आणि त्याने रंगमंच सोडण्याआधी म्हणायचे एक साधे वाक्य माझ्या वहीत होते. मी ते दोनदा पुटपुटलो, मग मोठ्याने म्हटले. पण मंडपात टाळ्या आणि शिट्ट्या थांबेनात, आणि तो विळा खाली टाकून विंगेत निघून आला.

“मला इथून जाऊ द्या, मला बरे वाटत नाही,” मी त्याला सांगितले.

त्याने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिले, आणि मग दूध काढायची वेळ झाली म्हणून उठला.